नत्थूच्या डोळ्यांखालचं काळं

इंदोऱ्यातल्या त्या गल्लीत नत्थूबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. एक, पोरगा कामाला वाघ आहे. दोन, पोरगा पितो. पहिली गोष्ट खरी होती. दुसरी साफ खोटी होती, पण ती त्याच्या तोंडावरच दिसत होती, आणि तोंडावर दिसणारी गोष्ट नाकारायला माणूस जाणार कुणाकडे? पंचविशीतला उमदा पोरगा, अंगानं धट्टाकट्टा, दात पांढरेशुभ्र, आणि दोन्ही डोळ्यांखाली काजळाचं बोट ओढून ठेवावं तशी काळीभोर कमान.

वाडीला, अमरावती रोडवर, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात तो रातपाळीला होता. ट्रक रात्रीच लागायचे, माल रात्रीच उतरायचा. सकाळी सायकल हाणत तो गल्लीत शिरायचा तेव्हा नळावर बायांची रांग असायची. तारवटलेले डोळे, खाली काळं, पाय जड. बाया एकमेकींकडे बघायच्या आणि घागर पुढे सरकवायच्या. नत्थू रात्रभर कुठे असतो हे त्यांना चांगलं माहीत होतं, पण माहीत असलेल्या गोष्टीत बोलायला गंमत काय असते?

हे काळं त्यानं स्वतः कमावलेलं नव्हतं. त्याच्या बापाचं, देवाजीचंही असंच होतं. देवाजी एके काळी प्यायचा, हे खरं. पण छप्पन साली त्यानं दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून दारू सोडली ती सोडलीच. पुढे मरेपर्यंत थेंबाला शिवला नाही. दारू गेली, काळं मात्र राहिलं, कारण ते दारूचं नव्हतंच मुळी. लोक तरीही चौकात विचारायचे, देवाजी, आज किती झाली? देवाजी हसून पुढे जायचा आणि घरी येऊन न बोलता जेवायचा. लहानग्या नत्थूनं बापाचं ते मुकं जेवण पाहिलेलं होतं. विहारात पाचवं शील, दारूला न शिवण्याचं, म्हणताना इतर पोरं घाईघाईनं म्हणून टाकायची, नत्थू शब्द न शब्द म्हणायचा. आपल्याबद्दल कुणी तसं म्हटलं तर ते खोटंच असलं पाहिजे, एवढं त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. झालंही तसंच. लोकांनी म्हटलं, आणि ते खोटंच होतं. पण त्यातून मिळायचं समाधान फार पोटभर नसतं.

तरी इतकी वर्षं त्यानं ते मनावर घेतलं नव्हतं. घेतलं ते जयवंतामुळे.

जयवंता लष्करीबागेतली. रविवारी विहारात लहान पोरांना शिकवायला यायची. नत्थू एकदा विहाराच्या छपराचे पत्रे बसवायला वर चढला होता, आणि खाली ती एका रडक्या पोराला पाढे म्हणायला लावत होती. पोरगं चुकलं की ती रागवायची नाही, स्वतःच त्याच्याहून मोठी चूक करायची. मग पोरगं तिला दुरुस्त करायचं आणि तसं करता करता त्याचा पाढा पाठ व्हायचा. नत्थूनं वरून हे सगळं ऐकलं आणि त्या दिवशी पत्रे बसवायला त्याला जरुरीपेक्षा बराच वेळ लागला. पुढे चार-सहा रविवार विहाराचं छप्पर कुठे ना कुठे गळतंय असा त्याला संशय यायला लागला. वैशाख तोंडावर आलेला आणि आभाळात ढगाचा पत्ता नाही, हे त्याच्या लक्षात आणून देण्याचा चावटपणा कुणी केला नाही.

त्याच्या आईचा, अंजनाबाईचा, एक मावसभाऊ होता, गणपतराव. सोयरिकी जुळवायची त्याला हौस. त्यानं लष्करीबागेत शब्द टाकला. मुलीचा बाप बाबाराव. गिरणीत उभा जन्म घालवलेला, तिकडच्या विहाराच्या कमिटीवर असलेला, शब्दाचा पक्का माणूस. त्यानं घरदार, नोकरी, सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि सांगितलं की रविवारी येतो, मुलगा पाहतो. मुलगीही सोबत येईल, कारण संसार तिला करायचा आहे. इथवर ठीक होतं. मग गणपतरावानं घरी येऊन, पाणी पिऊन, हळूच पुढची गोष्ट सांगितली.

बाबाराव माणसाचे डोळे पाहतो. मुलगा समोर आला की आधी डोळ्यांखाली बघतो, मग बाकीचं विचारतो. त्याचा धाकटा भाऊ दारूपायी गेला होता. तेव्हापासून डोळ्यांखाली काळं दिसलं की दारू, हे त्याचं गणित कुणी मोडू शकलं नव्हतं. दोन स्थळं त्यानं एवढ्यावरच परत पाठवली होती. त्यातला एक तर शाळामास्तर होता, बिचाऱ्याला बारमाही सर्दी होती.

गणपतराव हे सांगत होता तेव्हा घरातल्या दोघी बाया नत्थूकडे बघायला लागल्या. नत्थूनं मान खाली घातली. त्यानं काही मोठी मागणी केली नव्हती आयुष्याकडे. त्याला ही पोरगी हवी होती, आणि ती आपल्या हातून एका खोट्या गोष्टीपायी जाणार हे त्याला बसल्या जागी दिसायला लागलं होतं.

त्याची वहिनी प्रेमिला तेव्हा परात घेऊन कणीक मळत होती. तिचा नवरा रेल्वेत, बदली इटारसीला, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. त्यामुळे घरातले सगळे निर्णय प्रेमिलाच घ्यायची आणि सासूला ते आपणच घेतले असं वाटू द्यायची. तिनं हात धुतले, पदर खोचला आणि दिराचं तोंड उजेडाकडे फिरवून नीट न्याहाळलं.

"रविवारपर्यंत तुमचं तोंड माह्या ताब्यात," ती म्हणाली. "काहून, कशाले, काई विचारायचं नाई."

त्या दिवसापासून नत्थूच्या तोंडाचे हाल सुरू झाले. सकाळी तो कामावरून आला की प्रेमिला त्याला खाटेवर आडवा पाडायची आणि डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायची. बटाट्यानं काही होईना तेव्हा काकडी आली. काकडी ठेवली की नत्थूला गार वाटून लगेच झोप लागायची आणि तो कुशीवर वळला की चकत्या उशीखाली जायच्या. शेजारणीही मागे राहिल्या नाहीत. नत्थू पितो असं छातीठोकपणे सांगणाऱ्या याच बाया, पण उपाय सांगायचा म्हटल्यावर त्यांचा उत्साह बघण्यासारखा होता. एकीनं उकळलेल्या चहाची पत्ती पुरचुंडीत बांधून आणली. दुसरीनं संत्र्याची वाळलेली सालं कुटून, दुधात कालवून लेप करायला सांगितला. नागपुरात संत्र्याच्या सालीनं बरी होत नाही अशी व्याधी नाही, निदान सांगणाऱ्यांच्या तोंडी तरी नाही. तो लेप डोळ्यांत गेला आणि नत्थू अंगणभर नाचला.

मग सायीत हळद. हळदीनं काळं गेलं नाही, उलट काळ्याच्या भोवती पिवळं आलं. तसाच तो गोदामात गेला तर तिथला मुकादम दोन पावलं मागे सरला. त्यानं ठरवूनच टाकलं की याला कावीळ झाली, आणि माठाला हात लावू नको म्हणून बजावलं. ट्रकवाल्यांना तर आयतंच सापडलं. एक ड्रायव्हर रोज विचारायचा, "क्यों नत्थूभाऊ, आज कौनसी सब्जी लगाई?" नत्थू ऐकून घ्यायचा. एरवी त्यानं कुणाचं इतकं ऐकून घेतलं नसतं.

एवढं होऊनही काळं होतं तिथेच होतं. आरशात बघून नत्थू वहिनीला म्हणाला की जाऊ द्या, जे आहे ते आहे. त्याचा आवाज बारीक झालेला होता. प्रेमिलाला त्याचा राग आला, त्याच्या डोळ्यांचा आला, बाबारावाचाही आला. सगळ्यात जास्त बटाट्याचा आला.

घालवता येत नाही तर झाकू, असं मग तिनं ठरवलं. घरात पावडरचा एक डबा होता, तिच्या लग्नातला, तिनं जपून ठेवलेला. ती पावडर तिनं नत्थूच्या डोळ्यांखाली चोपडली. नत्थूचा रंग सावळा, पावडर पांढरी, खालचं निळसर काळं वर डोकावणारं. सगळं मिळून राखेसारखं दिसायला लागलं. आधी तो नुसता पिणारा दिसत होता, आता प्यायल्यानंतर चुलीत पडलेला दिसत होता. अंजनाबाईला हसू आवरेना, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं, कारण पोराचं तोंड हसण्यासारखं नव्हतं.

पण प्रेमिला हार मानणारी बाई नव्हती. पाहुणे येणार म्हणून तिनं स्वयंपाकाची भिंत पोतायला काढली. चुलीमागची भिंत धुरानं काळीकुट्ट. दरवर्षी तिचा एकच अनुभव, काजळीवर थेट चुना फिरवला की भिंत पांढरी होत नाही, मळकट होते. म्हणून ती आधी गेरूचा हात द्यायची आणि तो वाळला की वरून चुना. काळं मग वर येत नसे. या वेळीही तिनं गेरू कालवला, भिंतीवर एक हात फिरवला आणि तिथेच थांबली. भिंतीकडे बघितलं. ओसरीवर झोपलेल्या दिराच्या तोंडाकडे बघितलं. मग तिनं भिंत तशीच सोडली.

गेरू तिनं बारीक वाटला, धुतलेल्या पातळाच्या तुकड्यातून गाळला आणि लोण्यात कालवला. झोपेतल्या नत्थूच्या डोळ्यांखाली करंगळीनं अगदी पुसट बोट लावलं. काळ्याचा निळसरपणा गेला. वर पावडर लावायची तीही तशीच नाही, त्यात चिमूटभर मुलतानी माती आणि कणभर गेरू घालून तिनं ती दिराच्या रंगाला आणली. मग फडक्यानं हलक्या हातानं टिपून घेतलं आणि सासूला हाक मारली.

अंजनाबाई आली, बघितलं आणि मटकन खाली बसली. डोळ्यांखाली काळं नसतं तर देवाजी कसा दिसला असता हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं होतं. नत्थूला उठवून आरसा हातात दिला. त्यानं तोंड डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, मग विचारलं की हे घासलं तर निघतं का. प्रेमिलानं त्याच्या हातावर चापटी मारली. त्या संध्याकाळी तो कामाला गेला तो सायकलवर शीळ घालत गेला.

इथे ही गोष्ट सुखानं संपली असती. पण अंजनाबाई आई होती, आणि नुसत्या रंगावर विश्वास ठेवणं तिच्या जिवाला पटेना. रंग वरवरचा, तो किती टिकणार? तिचं माहेर भंडाऱ्याकडचं, जंगलाच्या काठचं. तिकडे मोहफुलांचे दिवस आले की घरोघरी अंगणात फुलं वाळत पडायची. भाकरीत मोहफूल, गुराला मोहफूल, आणि दुखऱ्या डोळ्याला मोहफुलाचा शेक. फुलं भिजत घालायची, गरम करायची, फडक्यात बांधून डोळ्यांवर ठेवायची. तिच्या आईचे सुजलेले डोळे अशानं उतरलेले तिनं बघितले होते. तिनं गुपचूप एका भाचीकडून ओंजळभर फुलं मागवली आणि शनिवारी सकाळी गाडग्यात भिजत घातली. एप्रिलातलं नागपूर, वरून पत्र्याचं छप्पर. रविवारपर्यंत फुलं आंबली आणि त्यांचं काय व्हायचं ते झालं.

रविवारी सकाळी प्रेमिला नाश्त्याच्या तयारीत असताना अंजनाबाईनं लेकाला मागच्या खोलीत घेतलं आणि दोन्ही डोळ्यांवर गरम पुरचुंड्या दाबून धरल्या. काळं मुळातून उतरंल, वरून मंग रंग लाव म्हणावं, असं तिचं म्हणणं. नत्थूनं विरोध केला नाही. इतकं झालं, तिथे हे एक आणखी. फुलांचं पाणी त्याच्या गालावरून ओघळलं, बनियनवर सांडलं. वास येत होता, पण तो वास म्हणजे अंजनाबाईचं माहेर होतं, तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. आणि घरातल्या नाकांना तर तो आदल्या दिवसापासून सवयीचा झाला होता. प्रेमिलाला कुठेतरी आंबूस वाटलं. तिनं दह्याचं भांडं उघडून बघितलं आणि ते चांगलं आहे म्हणून निश्चिंत झाली. मग तिनं दिराचं तोंड पुसून घेतलं, गेरू लावला, पावडर लावली आणि त्याला बनियनवरच पांढरा शर्ट घालायला लावला.

पाहुणे आले. पुढे गणपतराव, मागे बाबाराव, जाड काळ्या चौकटीचा चष्मा, कडक इस्त्रीचा सदरा. त्याची बायको सिंधूताई, आणि जयवंता, फिकट निळ्या पातळात. जयभीम झाला, पाणी झालं, सगळे ओसरीवर बसले. नत्थू समोर येऊन बसला. बाबारावानं चष्मा सावरला, पुढे झुकला आणि गणपतरावानं सांगितलं होतं तसंच आधी त्याच्या डोळ्यांखाली बघितलं. बघत राहिला. प्रेमिला दाराआडून बघत उभी होती.

"चांगलं आहे," बाबाराव म्हणाला आणि त्याच्या कपाळावरची आठी गेली.

मग त्यानं गोदामातलं काम विचारलं, वाचन विचारलं, विहारात येता का म्हणून विचारलं. नत्थूनं सगळ्याची उत्तरं नीट दिली. एकदा धीर करून त्यानं जयवंताकडे बघितलं, तर तीही बघत होती. प्रेमिलानं दाराआडच मूठ वळली. जिंकलं होतं तिनं.

आणि बोलता बोलता बाबाराव थांबला. त्यानं हवेत वास घेतला. डावीकडे घेतला, उजवीकडे घेतला, मग नत्थूकडे झुकून घेतला. त्याचं तोंड बदलत गेलं.

"हा मोहाचा वास आहे," तो म्हणाला.

ओसरीवर ऊन चढत होतं, पत्रा तापला होता, आणि त्यात भीतीनं नत्थूला घाम फुटला. कपाळावरचा घाम डोळ्यांखाली उतरला, त्यानं सवयीनं बाहीनं टिपला. लोणी विरघळलेलंच होतं. पावडर गेली आणि गेरू पसरला. मोहाचा वास मारणारा, लालभडक डोळ्यांचा पोरगा बाबारावासमोर बसला होता.

पुढचं सगळं एकदम झालं. अंजनाबाई धावत आत गेली आणि गाडगं घेऊन आली. ती रडत सांगत होती की हा माझा गाढवपणा, पोराचा काही दोष नाही, शेक दिला मी, नुसता शेक. प्रेमिलानंही पुढे येऊन गेरूचं सांगून टाकलं. पण बाबाराव जसजसं ऐकत गेला तसतसा त्याचा चेहरा आणखी घट्ट होत गेला. घरात मोह, आणि पोराच्या तोंडाला रंग. माणूस रंग लावतो तो काही लपवायचं असतं म्हणूनच, असं तो म्हणाला, आणि तसं म्हणायला त्याच्याकडे त्या वेळी भरपूर आधार होता.

नत्थू उठला. कुणाला काही न बोलता अंगणातल्या बादलीपाशी गेला, शर्ट काढून ठेवला आणि साबणानं तोंड खसाखसा धुतलं. पुसत पुसत तो परत आला आणि बाबारावासमोर उभा राहिला. काळं होतं तसं उघडं पडलं होतं.

"हे पाहा," तो म्हणाला. "माह्या बापाचंबी असंच होतं. त्यानं दारू सोडली तरी लोकायनं त्याले मरेपर्यंत बेवडा म्हटलं. म्या आयुष्यात थेंब घेतला नाई. रंग लावला ते चुकलं. पण हे काळं दारूचं नाई."

त्याची नजर हलली नाही. बाबारावाला ते जाणवलं असावं, कारण तो क्षणभर थांबला. मग म्हणाला की पिणाऱ्या माणसानं हो म्हटलेलं त्यानं अजून ऐकलेलं नाही. त्यानं बायकोला उठायची खूण केली आणि चपला शोधायला लागला. गणपतराव हात जोडून मधे पडला, त्याला कुणी विचारलं नाही.

सिंधूताई उठली. जयवंताही उठली, पण ती दाराकडे न जाता प्रेमिलाकडे गेली आणि तिनं साबण मागितला. प्रेमिलाला काही समजलं नाही, तिनं दिला. जयवंता अंगणात गेली, पदर कमरेला खोचला, नत्थूच्याच बादलीतलं पाणी घेतलं आणि तोंड धुतलं. सावकाश, नीट, कानामागूनसुद्धा. सगळे बघत राहिले. ती तोंड पुसत ओसरीवर आली, आणि प्रेमिलाच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

जयवंताच्या डोळ्यांखाली काळं होतं. नत्थूच्यापरीसही गडद. छपरावरून ते नत्थूला कधी दिसलं नव्हतं.

"बाबा, आता माहे डोळे पाहा," ती म्हणाली.

बाबाराव चपला सोडून उभा राहिला. पाहुण्यांच्या घरात हा काय तमाशा, म्हणून तो पुटपुटला.

"सकाळी तुम्हीच आईले म्हटलं ना, पोरीले पावडर लाव म्हणून. पाहुणे म्हणतील हिले काई रोग आहे म्हणून." ती चिडलेली नव्हती, विहारातल्या पोरांशी बोलावं तशी शांत बोलत होती. "आपणबी रंग लावूनच आलो. मंग यांचं काळं दारूचं, आन् माहं कशाचं?"

"तुहं वेगळं आहे," बाबाराव ताडकन म्हणाला. "तुहे डोळे माह्यावर गेले."

बोलून गेला, आणि त्याच्या कानांना ते ऐकू आलं. अंजनाबाईचं रडणं थांबलं. गणपतरावानं जोडलेले हात तसेच राहिले. सगळ्यांच्या नजरा एका जागी जाऊन थांबल्या, त्या जाड काळ्या चौकटीवर. इतकी वर्षं विहारात, गिरणीत, गल्लीत बाबारावाला लोकांनी बघितलं होतं, पण चष्म्याशिवाय कुणी बघितलं नव्हतं.

त्यानं कुणी सांगायची वाट पाहिली नाही. माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता. त्यानं हळूच चष्मा काढला आणि हातात धरून उभा राहिला. जन्मात दारूला न शिवलेल्या त्या माणसाच्या डोळ्यांखाली काळ्याच्या दोन कमानी होत्या, लेकीच्या होत्या तशाच, आणि समोर उभ्या असलेल्या पोराच्या होत्या तशाच.

तो परत खाली बसला. बराच वेळ चष्म्याची काडी बोटांनी उघडत-मिटत राहिला.

"माह्या भावाच्या डोळ्याखाली पाह्यलं होतं म्या ते," तो अखेर नत्थूला म्हणाला. "शेवटी शेवटी. त्याच्यानंतर ज्याच्या डोळ्याखाली काळं दिसे, त्याच्यात मले तोच दिसे. आरशात मात्र नाई दिसला कदी." मग त्यानं मान वर केली. "तुह्या बापाले लोकायनं जे म्हटलं, ते मीबी म्हटलं असतं, बाप्पा. चुकलं माहं."

आपला बाप त्या क्षणी असायला हवा होता असं नत्थूला फार वाटलं. आतमध्ये, छातीत कुठेतरी, इतक्या वर्षांचं ते मुकं जेवण संपल्यासारखं झालं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते त्यानं लपवलं नाही, आता लपवायचं राहिलंच काय होतं? अंजनाबाईनं पदर तोंडाला लावला. सिंधूताई तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली की बाई, पोहे गार होत असतील.

पोहे आले. बाबारावानं दोनदा घेतले, चष्मा न लावताच. गणपतरावाला आता कंठ फुटला होता, बुद्धजयंतीनंतरची कुठली तारीख बरी हे तो एकटाच सगळ्यांना सांगत होता आणि सगळे हो हो म्हणत होते. दाराशी नळावरच्या बायांपैकी तिघी-चौघी काहीतरी उसनं मागायच्या निमित्तानं येऊन उभ्या राहिल्या होत्या. प्रेमिलानं त्यांना आत बोलावून बसवलं, मुद्दाम, आणि प्रत्येकीला बशीभर पोहे देऊन समोर बसलेल्या तिघांची तोंडं नीट बघू दिली. त्यातल्या एकीनंही त्या दिवशी तोंड उघडलं ते फक्त पोह्यांसाठी.

निघताना जयवंता अंगणात थबकली. नत्थू बादलीपाशी उभा होता, शर्ट हातात, काय करावं न कळून. ती त्याच्याशी आतापर्यंत एक शब्द बोलली नव्हती.

"लग्नाच्या दिवशी असेच या," ती म्हणाली. "धुतलेल्या तोंडानं. मीबी तशीच येईन."

नत्थू घाईनं शर्ट उलटाच घालायला लागला. शेवटी वहिनीनंच मागून त्याच्या वतीनं सांगितलं की येतील, तशेच येतील, मी स्वतः धुऊन आणीन.